पितळेचे कठडे

"हलू नकोस! पाय उचलू नकोस!"

भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले, तेव्हा माझं स्वागत हे असं झालं. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, खांद्याला बॅग. समोर साठी ओलांडलेले एक गृहस्थ फरशीवर पालथे पडलेले, गाल फरशीला टेकवलेला आणि हातातली बॅटरी जमिनीलगत आडवी धरलेली. मला वाटलं, घरात साप निघाला.

"काय आहे?" मी हळूच विचारलं.

"शिडी पडलीय."

मी आजूबाजूला पाहिलं. शिडी पडली असती तर दिसायला हवी होती. "केवढी?"

"मुंगीला चढायला पुरेल एवढी," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "तू आपली उभी राहा गं तशीच. पायाखाली आली तर आठवडाभर या घरात कुणाला जेवण गोड लागणार नाही."

तशी मी बराच वेळ उभी राहिले. शेवटी शिडी त्यांच्याच स्वेटरच्या बाहीला चिकटलेली सापडली. ते उठले, गुडघे झटकले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाले, "हिला देऊन टाक खोली. हलत नाही." गाव कोणतं, जात कोणती, लग्न का नाही झालं, यातलं एक अक्षरही न विचारता मला वलवणमध्ये वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. लोणावळ्यात एकट्या मुलीने खोली शोधून बघावी, म्हणजे यात काय नवल ते कळेल.

मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांनी मात्र मला कधी नावाने हाक मारली नाही. मी 'वरचा मजला'. "ए वरचा मजला, तुझे कपडे भिजतायत!" दूधवाला म्हणजे 'सकाळ'. शेजारच्या बंगल्याचे मालक फक्त शनिवार-रविवारी पुण्याहून यायचे, ते 'सुट्टी'. "सुट्टीने पुन्हा आपल्या फाटकासमोर गाडी लावलीय," असं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं की म्हातारा भ्रमलाय.

भ्रमलेले नव्हते. नौदलात होते, इंजिनरूममध्ये. तरुणपणी नौदलाच्याच प्रशिक्षण केंद्रात शिकायला म्हणून लोणावळ्यात आले, इथला पाऊस डोक्यात बसला, आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. नौदलातला माणूस समुद्राकाठी न राहता डोंगरावर कसा, असं लोक विचारायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "समुद्र मी पाहिलाय कुठे? समुद्र वर असायचा, आम्ही खाली." आयुष्यभर जहाजाच्या पोटात राहिल्याने उजवं-डावं हे शब्द मात्र त्यांच्या तोंडातून गेले होते ते गेलेच. कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता सांगायचे, "फाटकातून आत ये, स्टारबोर्डला जिना दिसेल, तो सोड, पोर्टला दार आहे." पलीकडचा बिचारा म्हणायचा, "काका, उजवीकडं का डावीकडं तेवढं सांगा ना." मग काकू फोन ओढून घ्यायच्या. "डावीकडे ये रे बाबा, आणि लवकर ये, नाहीतर हे आता तुला होकायंत्र दाखवतील."

कपाळावर भिंगाची पट्टी कायमची. काम संपलं तरी ती खाली उतरायची नाही. ते तसेच बाजारात जायचे, आणि भाजीच्या गाडीपाशी उभं राहिल्यावर सवयीने भिंग डोळ्यांवर यायचं. भेंडीवाली एकदा हसून म्हणाली होती, "काका, भेंडीच हाये ती, हिरा न्हाई." काकांनी गंभीरपणे एक भेंडी बाजूला काढली. "कीड आहे हिला," म्हणाले. खरोखर होती.

हे सगळं कशासाठी, तर जहाजासाठी. ज्या युद्धनौकेवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली ती त्यांनी बाहेरून धड बघितलीच नव्हती. बघायला सवड मिळेपर्यंत ती तुकडे होऊन भंगारात गेली होती. म्हणून ते ती बनवत होते. साडेतीनशेपट लहान, पण खरी. एवढ्या लहान जहाजावर माणूस किती मोठा होतो? काका तांदळाचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवायचे. "हा इंद्रायणीचा दाणा आहे ना, याहून जरा बुटका. आता सांग, या माणसाच्या कमरेला येणारा कठडा केवढा पाहिजे?"

इथेच सगळा घोळ होता. खोक्यातून जे प्लास्टिकचं जहाज येतं, त्याचे कठडे, शिड्या, तोफांच्या नळ्या सगळ्या जाड असतात. साच्यातून त्याहून बारीक निघत नाहीत. काका त्यांना 'एसटी स्टँडचे कठडे' म्हणायचे आणि कापून टाकायचे. मग त्या जागी बसवायचं सामान वेगळं मागवायचं. ते दुसरेच कारखाने करतात, आणि परदेशातून ते महिन्या-दीड महिन्याने येतं. पापडाहून पातळ पितळी पत्र्यात कोरलेले कठडे आणि शिड्या, लेथवर कातलेल्या सुईसारख्या तोफांच्या नळ्या, डेकवर चिकटवायला खऱ्या लाकडाचा कागदासारखा पापुद्रा. "किट म्हणजे नुसती नवरी," काका सांगायचे, "दागिने वेगळे घडवावे लागतात." त्यांचे हे दागिने चिक्कीच्या रिकाम्या पारदर्शक डब्यांत ठेवलेले असत. घरात कुणीही चिक्की आणली की ती संपायची वाट न बघता ते डबा रिकामा करून न्यायचे, आणि चिक्की ताटलीत मऊ पडायची.

ज्या खोलीत हे चालायचं तिला काकू 'बाळंतिणीची खोली' म्हणायच्या. पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, झाडू मारायचा नाही, आणि आल्या-गेल्याने हळू बोलायचं. एकदा त्यांचा एक साडू मुंबईहून आला, भुशी धरणावर भिजून तृप्त झाला आणि जहाजापुढे उभा राहून म्हणाला, "छान आहे. पाण्यात सोडलं तर चालतं का?" काका काही बोलले नाहीत. साडू जाईपर्यंत काही म्हणजे काहीच बोलले नाहीत. त्याला वाटलं, यांना कमी ऐकू येतं.

आणि आमच्याकडचा पाऊस. जून ते दसरा या भागात हवेत इतकं पाणी असतं, की रंग मारला तर वाळण्याऐवजी धुरकट पांढरा पडतो. म्हणून काकांचं पंचांगच वेगळं. पावसाळा पितळेचा, दसऱ्यापासून रंगाचा. खंडेनवमीला लोक कोयते-विळे पूजतात, काकांच्या पाटावर चिमटे, कानशी, पाती आणि रंग फवारायचा छोटा कॉम्प्रेसर मांडलेला असे. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. काकू कुंकू लावताना म्हणायच्या, "बाई गं, एक वर्ष तरी नीट चाल."

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

मी मूळची वडिवळे गावची, लोणावळ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. हे काम दिसतं तेवढं साधं नाही. शीर दिसत नसते, ती बोटाला लागते. माझा हात हलका होता. "त्या वडिवळ्याच्या मुलीलाच बोलवा," असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे. एका मे महिन्यात, सुट्टीच्या गर्दीत, जुन्या हायवेवर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं आणि माझी स्कूटर त्यावर गेली. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली, जुलैच्या सुरुवातीला प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. हाड जुळलं होतं खरं, पण अंगठा आणि पहिलं बोट माझी राहिली नव्हती. चमचा धरता यायचा, सुई धरली की टोक थरथरायचं.

लॅबमध्ये परत गेल्यावर मी एकदाच प्रयत्न केला. दंडाला पट्टा बांधून बसलेल्या माणसाने माझ्या हाताकडे बघितलं आणि आपला हात मागे ओढून घेतला. "ताई, राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." त्याचं काही चुकलं नव्हतं. लॅबच्या मॅडमनी मला काउंटरवर बसवलं. त्या वाईट नव्हत्या, स्पष्ट होत्या. "दिवाळीपर्यंत थांबते मी. हात आला तर तुझी जागा तुझीच. नाही आला तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, आणि काउंटरवर दोघींना काम नाही." म्हणजे दिवाळीनंतर गाशा गुंडाळून वडिवळ्याला परत. तिथे तरी काय करणार होते? भात लावायलाही दोन हात लागतात.

एका संध्याकाळी मी जिन्याच्या पायरीवर बसून फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेला रबरी गोळा दाबत होते. दाबत होते आणि रडत होते, दोन्ही. काका खालून आले, भिंग कपाळावर.

"तो गोळा दाबून काय होतं?"

"बोटांत जोर येतो."

"तो चालू ठेव. पण जोर बैलाला लागतो. तुला काय जोर लावून रक्त काढायचंय का? ये खाली, मला चिमटा धरायला माणूस पाहिजे."

मी म्हटलं, "काका, माझा हात थरथरतो."

"दिसतंय मला. भिंग आहे."

अशी मी बाळंतिणीच्या खोलीत शिरले. मला माहीत होतं, ते किट करणाऱ्या कंपनीने ते बनवणं केव्हाच बंद केलं होतं. कुणा परदेशी माणसाच्या माळ्यावर न उघडता पडलेलं एक खोकं काकांनी वर्षानुवर्षं शोधून मिळवलं होतं. त्यामुळे मी खुर्चीच्या कडेवर बसायची, नवी सून सासरच्या पहिल्या पंगतीत बसते तशी. पहिले काही दिवस नुसतं धरायचंच काम होतं. फरशीच्या तुकड्यावर पितळी पत्रा ठेवून काका पात्याने शिडी सुटी करायचे, मी ती चिमट्यात धरायची, ते कानशीने तिची कड घासायचे. माझ्या चिमट्यातून शिड्या उडायच्या. टिंग असा आवाज यायचा आणि मग दोघंही फरशीवर पालथे. काकू दारातून बघून जायच्या. "आता दोघं झाले," म्हणायच्या.

मग एक दिवस त्यांनी माझ्या हातात सुई दिली. साधी शिवणाची, उलटी बांबूच्या काडीत खोचलेली, नाकं घासून अर्धं उघडं केलेली, त्यामुळे त्याचा चिमुकला दुबेळका झालेला. त्या बेळक्यात सुपरग्लूचा एक कण मावतो. तो कण कठड्याच्या पायाशी टेकवायचा, जास्त झाला तर सगळं डेक खराब. सुई हातात घेतल्याबरोबर तिचं टोक नाचायला लागलं. लॅबमधल्या त्या माणसाचा चेहरा समोर आला. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डब्यात काहीतरी शोधत म्हणाले, "श्वास सोड, मग टेकव. श्वास भरलेला असताना माणूस थरथरतोच. बॉयलरसुद्धा थरथरतो."

मी टेकवला. लागला भलतीकडे. त्यांनी काडीने पुसून घेतला आणि म्हणाले, "घाई आहे? मग उद्या करू." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. घाई नाही म्हटलं तर आत्ता करायचं, आहे म्हटलं तर उद्या. दिवाळी जवळ येत होती आणि मला घाईच घाई होती, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

शाबासकी हा प्रकार त्या घरात नव्हता. त्यांचं "चालेल" म्हणजे मी कामावर गेले की ते तो तुकडा काढून टाकणार. "बरंय" म्हणजे दोन दिवस ठेवून मग काढणार. आणि काहीच न बोलता पुढचा तुकडा हातात ठेवला, तर तो तुकडा राहिला. हे कळायला मला श्रावण उजाडला. एका संध्याकाळी त्यांनी लागोपाठ पाच-सहा तुकडे न बोलता पुढे केले, तेव्हा मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

भाद्रपदात त्यांनी मला कठडा दिला. तीन तारा आणि मधले खांब, असा वीतभर लांब पितळेचा पट्टा. जहाजाच्या एका बाजूने पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, डेकच्या अगदी काठावर तो उभा करायचा होता. लाकडी डेक त्यांनी आधीच चिकटवलं होतं. चार-पाच संध्याकाळी गेल्या. खांब टेकव, श्वास सोड, गोंदाचा कण, थांब, पुढचा खांब. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजायचा, आत आम्ही दोघं मुके. शेवटचा खांब बसला तेव्हा मी चिमटा खाली ठेवून हात समोर धरला. बोटं दुखत होती, पण स्थिर होती. एकसंध, सरळ, कुठेही पोक नाही. काका भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "आज शिरा कर."

दसरा झाला. कॉम्प्रेसरला माळ पडली. जहाजाला नौदलाचा करडा रंग चढला आणि माझा कठडा त्यात असा मिसळून गेला, जणू जन्मापासून तिथेच होता.

दिवाळीच्या आधी आई वडिवळ्याहून आली. डोक्यावर घरच्या तांदळाची पिशवी, हातात काकड्या. काकांना ती भाऊ म्हणायची. लेकीचा हात कसा आहे हे बघायला ती आली होती, आणि लेक सांगते ते जहाज काय आहे तेही बघायला. काकांनी तिच्यासाठी बाळंतिणीच्या खोलीत खुर्ची मांडली, हा मान साडूलाही मिळाला नव्हता.

आई वाकून वाकून बघत होती. "माज्या पोरीनं क्येलं ह्ये?"

"हा सगळा कठडा तिने लावला, ताई," काका म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी असं काही बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"लय ब्येस झालंय." आई जहाजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली. "पर भाऊ, मानसं चढायची कुटनं?"

काकांनी भिंग डोळ्यांवर ओढलं.

"न्हाई म्हंजी," आई म्हणाली, "शेरडाच्या वाड्याला बी आत-भाईर कराया झापा अस्तोय. ह्यो तर समदा बंद क्येलाय तुमी."

जहाज धक्क्याला लागलं की ज्या शिडीवरून माणसं चढतात-उतरतात, तिथे कठड्यात मोकळी जागा लागते. पट्टा अखंड येतो, तिथे तो तोडून लावायचा असतो. मी तोडला नव्हता, कारण मला ठाऊकच नव्हतं. काकांना ठाऊक होतं. त्या शिडीवरून ते शेकडो वेळा चढले-उतरले असतील. भेंडीतली कीड ज्यांना दिसते त्या माणसाने चार-पाच संध्याकाळी माझ्या शेजारी बसून तो कठडा लागताना बघितला, मग त्यावर रंग फवारला, आणि त्यांना दिसलं नाही.

"खरंय, ताई," ते शेवटी म्हणाले. "चुकलं माझं. लक्ष नव्हतं."

आई ओशाळली. "म्या आपलं सहज इचारलं."

लक्ष नव्हतं असं कसं होईल? मी रात्री आईच्या शेजारी पडल्या पडल्या त्याचाच विचार करत होते, आणि मला एकदम उमगलं. लक्ष होतं. पण ते जहाजाकडे नव्हतं. त्या सगळ्या संध्याकाळी त्या भिंगातून ते माझ्या बोटांकडे बघत होते. कठडा कुठून कुठे चाललाय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. मला इतकं भरून आलं की आईला कळू नये म्हणून मी कूस बदलली.

सकाळी आई गेल्यावर काकांनी मला खाली बोलावलं. जहाज टेबलावर, शेजारी नवं कोरं पातं.

"दोन खांबांच्या मधलं कापायचं," त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवली. "इथे तीन तारा, इथे तीन. ओढायचं नाही. ओढलंस तर अख्खा पट्टा उपटून येईल, रंग येईल, खालचं लाकूड येईल. पातं टेकवून नुसतं दाबायचं."

"तुम्ही कापा ना, काका."

"लावलास तू."

"तुम्ही शेजारी बसा मग."

त्यांनी कपाळावरचं भिंग काढलं. ते काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, कपाळावर पांढरा पट्टा उमटला होता. भिंग त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "मी भाजी आणायला जातो," म्हणाले. काकूंना हाक मारली, "चल, तूही चल." आणि दोघं खरंच निघून गेले. फाटकाची कडी वाजली. घरात मी आणि ते जहाज.

किती वेळ मी नुसती बसले होते, ठाऊक नाही. पातं उचललं आणि ठेवलं. पुन्हा उचललं. मग डोळ्यांवर भिंग चढवलं, श्वास सोडला आणि पहिल्या तारेवर पातं दाबलं. कट असा इतका बारीक आवाज आला की तो कानाने ऐकला की बोटाने, सांगता यायचं नाही. दुसरी तार, तिसरी. मग पलीकडच्या तीन. मधला तुकडा चिमट्याने उचलला तेव्हा तो अलगद हातात आला, पिकलेलं पान येतं तसा. बाकी कठडा जागचा हलला नव्हता.

ते परत आले, पिशवी दारात ठेवली, वाकून पाहिलं. काही बोलले नाहीत. चिक्कीच्या डब्यातून बोटाच्या नखाएवढी शिडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा लॅबचा शेवटचा दिवस होता. डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी आली. हात काटक्यांसारखे, शिरा त्वचेखाली इकडून तिकडे सरकणाऱ्या. माझ्या जागी तात्पुरती आलेल्या मुलीने दोनदा टोचलं, शीर निसटली. म्हातारी कण्हली. मुलगी घाबरून मॅडमकडे बघायला लागली, आणि मॅडम काउंटरकडे बघायला लागल्या.

मी उठले. हात धुतले, हातमोजे चढवले. म्हातारीचा हात उशीवर घेतला आणि बोटाने शीर शोधली. ती लागली. बोटाला लागली! मे महिन्यापासून त्या बोटाला असं काही जाणवलं नव्हतं. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, डोळे गच्च मिटले होते. मी श्वास सोडला.

"टोच ना गं बाय एकदाची," म्हातारी भिंतीला म्हणाली. "कवाधरनं हात धरून बसलीयास."

"झालं, आजी."

"आँ?" तिने डोळे उघडून आधी माझ्याकडे आणि मग भरलेल्या नळीकडे बघितलं. "कवा?"

मी तिच्या हातावर कापूस दाबून धरला आणि रडले. ती आपल्या मोकळ्या हाताने माझ्या दंडावर थोपटत होती आणि मॅडमना विचारत होती, "हिला काय झालं?"

घरी येऊन सांगितलं तेव्हा काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली. काकांनी विचारलं, "कितव्यांदा मिळाली शीर?" पहिल्यांदाच, मी म्हटलं. "मग उद्यापासून संध्याकाळी येऊ नकोस," ते म्हणाले. "हाताला त्याचं काम मिळालंय. त्याला दोन ठिकाणी राबवायचं नाही." मला राग आला. इतका आला की मी दोन दिवस खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यातून आवाज आला, "वरचा मजला, चहाला बंदी नाहीये!"

आता मी तळेगावला एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. नव्या मुलींना रक्त घ्यायला शिकवते, आणि त्यांना श्वास सोडायला सांगते. हे कुठून आलं ते मी त्यांना सांगत बसत नाही, पण रोज मनातल्या मनात हात जोडते. त्या माणसाने मला माझा हात परत दिला. हे कर्ज नाही, कारण ते फेडायची मला इच्छाच नाही. ते असंच राहिलेलं मला आवडतं.

मागच्या दिवाळीत फराळ घेऊन वलवणला गेले होते. काका आता थकलेत, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नवं जहाज काही घेतलेलं नाही. जुनं काचेच्या पेटीत आहे. बाहेर व्हरांड्यात चहा घेताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"काका, माझा हातच सुधारायचा होता, तर एखादं मोडकं जहाज द्यायचं, भंगारातले तुकडे द्यायचे. तुम्ही थेट तुमचं जहाज कसं हातात दिलंत?"

"भंगारावर हात कशाला जपून चालेल? चुकलं तर रडू येईल, असं काहीतरी हाताखाली पाहिजे."

"आणि मी ते खरंच बिघडवलं असतं तर?"

काका चकली मोडत होते. तिचा बारीक तुकडा खाली पडला, तो त्यांनी चाचपडून उचलला.

"दुसरं आणलं असतं," ते म्हणाले. "त्यात काय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी काकूंकडे. दुसरं जगात कुठेच मिळत नव्हतं, हे त्या व्हरांड्यातल्या तिघांनाही ठाऊक होतं.